शेवटचा भाग चिटणिसांकडे नव्हता

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, उपासना संपल्यावर, डिंडोलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहात एका पुस्तकावर चर्चा झाली. वाचक चार होते, प्रत एक होती आणि ती चार तुकड्यांत होती.

पुस्तक अलीकडचे होते: एका खेड्यातल्या पाळकाच्या पत्नीचे आत्मकथन. आमच्या पाळकीणबाईंनी ते निवडले आणि प्रकाशकाकडे उरलेली एकुलती प्रत मागवली. चर्चेला दोनच आठवडे होते. कापड बाजारात कटिंग मास्तर असलेल्या एका सभासदाने बांधणी उसवून तिचे चार भाग केले. "ताका कापला म्हणून कापड खराब होत नाही," असे ते म्हणाले. पाळकीणबाईंनी भाग वाटले. पहिला मंडळीच्या चिटणिसांना, दुसरा मला, तिसरा मास्तरांना आणि चौथा घरी साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या एका ताईंना. दर तीन दिवसांनी भाग बदलायचे ठरले होते. कोणी बदलले नाहीत.

त्याच दिवशी कमिटीपुढे आणखी एक विषय होता. पाळकीणबाईंना गोडादऱ्यातल्या एका मराठी शाळेत नोकरी मिळाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचे होते. चिटणीस, निवृत्त बँक अधिकारी, यांची हरकत होती. पाळकघर सकाळी उघडे हवे आणि आल्यागेल्याला चहा हवा, असे त्यांचे म्हणणे. कमिटीत त्यांच्याविरुद्ध सहसा कोणी बोलत नाही.

चर्चा त्यांनीच सुरू केली.

"फार चांगलं पुस्तक. बाई पहाटे चारला उठते, बारा माणसांचा चहा करते, तोंडातून शब्द नाही. पाळकीण अशी असावी."

पाळकीणबाई टिपण घेत होत्या.

माझ्या भागात तीच बाई पाहुण्यांना चुकवून मोरीत वाचत बसते, असे मी सांगितले.

"मोरीत?" चिटणिसांनी विचारले.

"कडी लावून."

मास्तरांच्या भागात कमिटीचे लोक पाळकघरातली भांडी मोजायला येतात. "हे अगदी खरं लिहिलंय," ते म्हणाले. "आपल्याकडे पंखे मोजले होते."

"ती तपासणी होती," चिटणीस म्हणाले.

"तिथेही तपासणीच म्हणतात, साहेब. पान तुम्हाला दाखवतो."

मास्तरांची लेखिकेवर एक तक्रार होती. हल्लीच्या अशा पुस्तकांत प्रकरण संपायच्या आत प्रार्थना ऐकली जाते. "आमच्या गल्लीत नळाला पाणी यायला तीन वर्षं लागली. तेवढं मोठं प्रकरण कोण लिहिणार?"

मग ताई बोलल्या. त्या धुळ्याकडच्या, एरवी सभेत गप्प असतात.

"मन्हा भागमा ती नोकरीले लागी गयी."

"कोण नोकरीला लागली?" चिटणीस.

"तीच, बारा जणांचा चहा करणारी. बालवाडीत शिकवते."

"आणि पाळकघर?"

"चालतं की. नवरा आहे ना घरात."

पाळकसाहेब खिडकीपाशी बसले होते. त्यांनी खिडकी उघडली.

"शेवट लेखिकेला जमलेला नाही," चिटणीस म्हणाले.

"वाचलात का, काका?" ताईंनी विचारले.

"आत्ता ऐकला ना."

"मी टिकल्या लावलेली साडी तुम्ही ऐकून पास कराल का?"

मास्तर हसले. चिटणीस हसले नाहीत. भाग असे कोणी वाटले, हे त्यांनी विचारले. "मीच," पाळकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही ज्येष्ठ म्हणून तुम्हाला पहिला दिला." नोकरीचा विषय पुढच्या रविवारवर गेला. चिटणिसांनी चौथा भाग मागून घेतला आणि पिशवीत घातला.

पुढच्या रविवारी त्यांनी तो परत आणला. कोपरे दुमडलेले होते. भाषा बरी आहे, एवढेच ते म्हणाले. कमिटीच्या वहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: पाळकीणबाईंच्या नोकरीला हरकत नाही. सकाळी पाळकघरात येणाऱ्यांची व्यवस्था पाळकसाहेब पाहतील.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पाळकीणबाई सकाळी सातला शाळेत हजर झाल्या. त्यांना तिसरीचा वर्ग मिळाला. पाळकसाहेबांचे साडेआठच्या सुमारास दोन फोन येऊन गेले. तास सुरू होता. पाळकीणबाईंनी ते उचलले नाहीत.