महानंदाचा डावा तळहात

सोनपेठच्या पेठेत चन्नबसप्पांचं किराणा दुकान होतं, दुकानामागं घर होतं, आणि त्या घरातल्या सुनेचा आवाज पुढच्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकू यायचा. महानंदा तिचं नाव. बोलायला फटकळ, पण कुणी उपाशी आहे असं नुसतं कळलं तरी हात परातीकडे जायचा. माल घेऊन आलेल्या गाडीवानाला ती "जेवलास का न्हाई?" असं दरडावून विचारायची, की तो जेवून आला असला तरी घाबरून नाही म्हणायचा. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हाताऱ्याला भाकरी किती मऊ लागते, ताक किती आंबट चालतं, हे तीच बघायची.

चन्नबसप्पा नेमाचे कडक. सकाळी अंघोळ करून गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा. तोवर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. लिंग तर महानंदाच्याही गळ्यात होतं, पण चहाचा घोट आधी आणि पूजा मागून असं कधीच झालं नाही, हे काही ती छातीवर हात ठेवून सांगू शकली नसती.

निजामाची राजवट संपायला दोन वर्षं उरली होती, अर्थात तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वैशाखात म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं. डावं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, बोललेलं कुणाला कळेना. हकीमसाहेब येऊन तेल देऊन गेले, आणि जाताना बजावलं की पोटात सारखं काहीतरी पातळ जाऊ द्या, या उन्हात माणूस कोरडा राहिला तर माझं तेल काही कामाचं नाही.

म्हातारा गुंगीत होता तोवर महानंदा कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाणी ओठांत सोडत राहिली, आणि ते जातही होतं. नीट शुद्ध आली आणि तोंड मिटलं. ताक नेलं, दात आवळले. साखरपाणी नेलं, मान फिरवली. तिचा नवरा महालिंग रोज सकाळी बापाच्या खाटेशी बसून बापाच्या नावानं पूजा करायचा आणि तीर्थाची पळी त्यांच्या ओठाला लावायचा. म्हातारा भिंतीकडे तोंड करायचा.

महानंदाचा जीव टांगणीला लागला. ओठांना भेगा पडल्या, डोळे खोल गेले, लघवी थोडी आणि गडद होऊ लागली. ती त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडायची, तर ती तशीच उभी राहायची. जुलाबानं तिचं पहिलं मूल गेलं होतं, त्याची कातडी अशीच उभी राहिली होती. हे ती कुणाला बोलली नाही, पण दिवसातून कितीदा तरी चिमटा घेऊन बघायची.

अशात समाजातले वडीलधारे बसवंतराव आले. खाटेजवळ हात जोडून उभे राहिले आणि महालिंगला म्हणाले, "महालिंगा, अप्पांनी अन्नपानी सोडलंय. लय पुण्यवान मानूस. लिंगैक्य व्हायची वेळ जवळ आली, आता कुनी आडवं येऊ नका."

झालं. दुपारपासून माणसं दर्शनाला येऊ लागली. कुणी हार आणला, कुणी भस्म आणलं. महालिंगच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्यात थोडा अभिमानही शिरला होता, आणि महानंदाला तो बघवेना. समाधीचा खड्डा मळ्यात कुठं घ्यायचा इथपर्यंत ओसरीवर बोलणं गेलं तेव्हा ती डोक्यावरचा पदर सावरत दाराआडून म्हणाली, "सोडलं म्हनून त्येंनी सांगितलं का तुमाला?"

"त्येंना बोलता कुठं येतंय, बाई?" बसवंतराव म्हणाले.

"मग तुमी कसं बोलायलाव त्येंच्या वतीनं?"

महालिंगनं तिला डोळ्यांनीच दटावलं. ती आत गेली खरी, पण तिच्याही मनात पाल चुकचुकली. बसवंतराव म्हणतात तेच खरं असलं तर? आपण एका सत्पुरुषाच्या वाटेत ताकाचा तांब्या घेऊन उभ्या आहोत का?

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी सगळे आडवे झाले होते. ती पंखा घेऊन खोलीत आली आणि उंबऱ्यातच थांबली. म्हातारा उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं सरळ करत होता. एक सरळ करून दुसऱ्याकडे वळावं, तर पहिलं परत मिटायचं. मग त्यांनी तो मेलेला हात ओढून छातीवर आणला आणि डबी चाचपली. डबी उघडली नाहीच. हात घसरून खाटेवर पडला.

तिला एकदम सगळं उमगलं. ज्या तळहातावर लिंग ठेवायचं तो तळहातच राहिला नव्हता. पूजा नाही म्हणून पाणी नाही. मुलानं केलेली पूजा त्यांच्या लेखी मुलाची होती. म्हातारा तहानेनं तळमळत होता, आणि गाव त्याच्या पाया पडत होतं.

"मामा," ती कानाशी वाकली, "पूजा करायची हाय का?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि डोळे भरून आले. त्या वाळल्या देहात तेवढं पाणी कुठं राहिलं होतं कोण जाणे.

तिनं ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसलं, पाठीशी गाठोडं देऊन बसवलं. आपला डावा हात त्यांच्या डाव्या हाताखाली घातला, आपल्या बोटांनी त्यांची बोटं उघडी धरली आणि वर लिंग ठेवलं. असं चालतं का? चालतं की नाही ते तिनं कुणाला विचारलं नाही. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं भस्म लावलं, बेल वाहिला, डोळे मिटले. तिचा हात भरून आला, पण तिनं तो हलू दिला नाही.

पूजा झाली आणि त्यांनी आपणहून तोंड उघडलं. तिनं घाईघाईनं तांब्या लावला. तिथंच चुकलं. पाणी भलतीकडे गेलं, म्हाताऱ्याला जबर ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला. आवाजानं महालिंग धावत आला आणि ओरडला, "मारतीस का त्येंला!"

तिनं त्यांना पुढं वाकवलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. श्वास परत आला. महालिंगनं तांब्या उचलून नेला. पण म्हाताऱ्याची नजर तांब्यामागं गेली, ती तिनं पाहिली.

पाणी धावतं, म्हणून चुकतं. मग न धावणारं काहीतरी द्यावं, एवढंच तिला सुचलं. तिनं ज्वारीची आंबील जरा दाट ढवळली, गार केली. म्हाताऱ्याला ताठ बसवलं, हनुवटी किंचित खाली घेतली आणि अर्धी पळी उजव्या गालात सोडली. महालिंग दारात हात चोळत उभा होता. गळ्याची घाटी हलेना. हलेना. मग एकदाची वर गेली आणि खाली आली.

"गेलं," महालिंग म्हणाला, आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

त्या दिवसापासून महानंदा सासऱ्यांचा डावा हात झाली. रोज सकाळी पूजा, मग पळी पळी आंबील, दिवसभर घटका दोन घटकांनी काहीतरी दाटसर. माहेरचं लग्नकार्य असो की सणवार, ती सोनपेठ सोडून मुक्कामाला गेली नाही. आधी ठसक्याची धास्ती असायची, पुढं ती सवयीची झाली. म्हातारा थोडं बोलू लागला. बसवंतराव मात्र पुढं त्या घराकडे फारसे फिरकले नाहीत.

अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात रझाकारांच्या भीतीनं अर्धी पेठ रिकामी झाली. म्हाताऱ्याला हलवणं शक्य नव्हतं, म्हणून ही माणसं दारं लावून राहिली. एका सकाळी पूजा झाली. म्हाताऱ्यानं लिंग स्वतःच डबीत ठेवलं. तिनं पळी पुढं केली. त्यांनी ती हळूच बाजूला सारली.

"बास, पोरी."

"एवढी एक, मामा."

त्यांनी मान हलवली. तिनं दुपारी विचारलं, दिवेलागणीला विचारलं. दात आवळलेले नव्हते, चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं नको होतं. महालिंग कळवळून म्हणाला, "भरव की! मागं साऱ्या गावाला न जुमानता भरवलीस, आता का थांबलीस?"

ती वाटी मांडीवर घेऊन बसून राहिली. मागं सगळे नको म्हणत होते आणि तिनं भरवलं होतं. आता नको म्हणायची पाळी तिची होती. तिनं बोळा भिजवून त्यांचे ओठ तेवढे ओले केले.

"त्येंना नको हाय," ती म्हणाली.

उजाडायच्या आत चन्नबसप्पा गेले.

महानंदा त्यानंतर पुष्कळ जगली. पण जेवणं आटोपून भांडी घासायला बसली की मध्येच हात थांबायचा आणि ती नवऱ्याला विचारायची, "खरंच नको होतं का वो त्येंना? का गळ्याखाली जाईना म्हनून नको म्हनाले?"

महालिंग म्हणायचा, "त्येंचं तुला ठावं न्हाई, तर मला कुठनं ठावं असंल?"

मग ती पुन्हा भांडी घासायला लागायची.