माझगावचा तुरुंगवास

मला आयुष्यात दोनदा वीर म्हणून ओवाळलं गेलं, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्ही वेळा ताम्हनातला दिवा खरा होता, कुंकू खरं होतं, आणि वीर तेवढा खोटा होता.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागच्या आमच्या चाळीत सत्याग्रहाला नाव न दिलेल्या तरुणाला नळावर पाणी भरतानासुद्धा बायका टोमणे मारायच्या. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. मालवणकडून आलेली माझी बायको सभेहून परतणाऱ्या मोर्चाकडे गॅलरीतून अशी काही बघायची, की तिच्या त्या नजरेसाठी तरी आपण एकदा तुरुंगात जाऊन यावं असं मला वाटू लागलं. मुंबई मिळणं ही त्या खालोखालची गोष्ट होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. त्या वर्षांत माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. थट्टा चालली आहे ती त्यांची नव्हे, माझी.

मी नाव दिलं. गिरणीत गावी जातो म्हणून दोन आठवड्यांची रजा टाकली. निघायच्या सकाळी समोरच्या काकूंनी साऱ्या मजल्यावरच्या बायका गोळा केल्या. झेंडूचा हार, नवी टोपी, पिशवीत पंचा आणि साबण. काकू रडल्या. बायको रडली नाही. तिने फक्त माझी चप्पल पुढे सरकवली. चपलेचा अंगठा आदल्याच दिवशी तुटला होता आणि बायकोने तो हिरव्या सुताने शिवून ठेवला होता.

आमची तुकडी फोर्टात पोचली, घोषणा झाल्या, पोलिसांनी आम्हाला गाडीत भरलं. मी जाळीतून अगदी भारदस्त चेहऱ्याने बाहेर बघत होतो. गाडी तुरुंगाकडे न वळता सरळ मानखुर्दच्या खाडीपाशी गेली. तिथे हवालदाराने दार उघडलं आणि म्हणाला, "उतरा. तुरुंगात जागा नाय. जावा घरी, जेवा."

तुकडीतले बाकीचे गिरगावचे. ते हसत हसत चालू लागले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोर्टात हजर झाले. खरे शूर तेच. मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. सकाळी ज्याला ओवाळून धाडला, तो संध्याकाळी पाटावर बसून आमटी मागतो आहे, आणि काकू दारातून बघताहेत. पोलिसांच्या लाठीपेक्षा मला काकूंची जास्त भीती वाटली. मी हार खाडीत सोडला आणि माझगावला मावशीकडे गेलो.

मावशी एकटीच राहायची. तिने सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि विचारलं, "पापलेट खातंस मां?" पहिल्या तुकड्यांना दोन आठवड्यांची शिक्षा झाली होती, म्हणून मीही स्वतःला तेवढीच ठोठावली. शिक्षा कडक होती. सकाळी पापलेट, दुपारी झोप, संध्याकाळी सुरमई. पडल्या पडल्या मी त्याग या विषयावर पुष्कळ विचार केला. माणूस दुसऱ्यासाठी सुख सोडतो तेव्हा थोडं तरी स्वतःच्या मोठेपणासाठी सोडतो का, वगैरे. मासे खाऊन अंगावर सुस्ती आली की असले विचार फार छान सुचतात.

धोका एकच होता. मावशीला मासे देणारी कोळीण आमच्या चाळीतही यायची. टोपली घेऊन ती आधी माझगावला यायची आणि मग पुढे लालबागला जायची. तिची हाक ऐकली की मी मोरीत जाऊन बसायचो. ती उंबऱ्यावर बसून मासे कापत मावशीला विचारायची, "रोज रोज मोठं म्हावरं? पावना कोन हाय गो?" मावशी म्हणायची, "देवाक दया इली." मी मोरीत श्वास रोखून बसलेला असे.

चौदाव्या दिवशी दाढी वाढवून, एक वेळ मुद्दाम उपाशी राहून मी चाळीत शिरलो. ताम्हन तयारच होतं. काकूंनी माझे गाल चाचपले आणि "वाळलाय हो पोर" म्हणून डोळ्यांना पदर लावला. माझं वजन नक्की वाढलं होतं. मग त्या म्हणाल्या, "तू तिथे हाल काढलेस, पण हिनेही कमी नाही केलं. तू गेल्यापासून मासळीचा तुकडा तोंडात घातला नाही पोरीने. कोळीण रोज दारात बसायची नि रिकाम्या हाती उठायची."

मासळीशिवाय ही दोन दिवस राहायची नाही. सोमवारसुद्धा ती नाइलाजाने पाळायची. चौदा दिवस ती भात आणि कुळथाच्या पिठीवर काढत होती, आणि मी मोरीतून बाहेर येऊन सुरमईवर ताव मारत होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. खोलीचं दार लावलं तेव्हा ठरवलं, सांगून टाकायचं. ज्या नजरेसाठी हा सगळा खटाटोप केला, ती नजर आता कायमची जाणार, हे मला दिसत होतं. तरी खाली बघत मी सगळं सांगितलं. खाडी, मावशी, मोरी, सगळं.

ती स्टो पेटवत होती. तिने मान वर केली नाही. "माका म्हायत आसा," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी कोळणीन सांगल्यान."

"तिने मला बघितलं कधी?"

"तुमका नाय बघल्यान. चपला बघल्यान. उंबऱ्यार बसणाऱ्या बायकेक माणसां चपलांवरसून कळतत. हिरव्या सुतान शिवलेली चप्पल आणि कोणाची?"

मी मोरीत लपत होतो आणि चपला दारात ठेवत होतो. चाळीत वाढलेल्या माणसाला चप्पल घरात आणायचं सुचतच नाही.

"मग तुला ठाऊक होतं," मी म्हणालो, "तर मासे कशाला सोडलेस?"

आता तिने माझ्याकडे बघितलं. मोर्चाकडे बघायची, तसंच.

"घोव तुरुंगात नि हिच्या खोलीतसून बांगड्याचो वास येता, असा म्हटला असता सगळ्यांनी. मगे तुमच्या तुरुंगावर कोणी इस्वास ठेवलो असतो?"

माझे डोळे भरून आले, आणि ते पाणी मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी कोळीण आली. माझ्या चपलांकडे बघून तिने ओठ दाबून हसू आवरलं आणि टोपलीतली सगळ्यांत मोठी सुरमई काढली. दुपारी बायकोने रोजच्यासारखी मधली तुकडी माझ्या पानात वाढली आणि शेपटीकडचं स्वतःकडे घेतलं. मी माझी तुकडी उचलून तिच्या पानात ठेवली. तिने संशयाने आधी तुकडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"परत खंय जातास काय?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "जेव तू."