दार पाठीवर घेऊन फिरणारी मुलगी

मी मिरज सोडली तेव्हा माझी मुलगी शिंप्याकडे गेली होती. तिला तिथं मुद्दाम पाठवलं होतं. बेत नलूताईचा, माझ्या मोठ्या बहिणीचा. "तिच्यासमोर निघू नकोस," ताई आदल्या दिवशी म्हणाली होती. "ती रडायला लागली की तुझा पाय निघणार नाही." म्हणून सकाळी भाऊजींनी पाच वर्षांच्या रेवाला स्कूटरवर पुढं उभं केलं आणि नव्या फ्रॉकचं माप द्यायला नेलं. जाताना तिने मला विचारलं, "आई, बाह्या फुग्याच्या सांगू?" मी म्हटलं, "सांग." एवढाच आमचा निरोप. दहा मिनिटांनी रिक्षा आली आणि मी गेले.

परत आल्यावर रेवाने काय केलं, हे ताईने मला दोन वर्षं सांगितलं नाही. मग एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं. रेवाला वाटलं, मी लपले आहे. तिने मोरी पाहिली, गच्ची पाहिली, कपाट उघडून माझ्या साड्यांच्या मागं हात घालून पाहिलं. तीन दिवस ती घरभर हाका मारत होती, "आई, मी हरले. आता बाहेर ये."

तुमच्यापैकी ज्या आत्ता पासपोर्ट हातात घेऊन, मूल कुणाच्या तरी ओटीत घालून इकडे सौदीला यायला निघाल्या आहेत, त्यांना शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण मुलाला सांगून निघा. रडू दे त्याला. रडणारं मूल शांत होतं. शोधणारं होत नाही.

नवरा अपघातात गेला तेव्हा रेवा तीन वर्षांची होती. मी नर्स. ताई-भाऊजींना मूलबाळ नव्हतं, त्यांचं घर मोठं, आणि रेवाला त्यांचा लळा होता. 'मावशी' म्हणता येईना म्हणून ती ताईला 'माऊ' म्हणायची, भाऊजींना 'काका'. सौदीतली नोकरी चालून आली तेव्हा दोन वर्षांसाठी कुणाच्याच जिवाला घोर नव्हता. करारात कुटुंब आणायची सोय नव्हती. दोनच तर वर्षं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पहिलं पोस्टिंग रास तनुराजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात. नर्सांच्या होस्टेलच्या खिडकीतून रिफायनरीच्या चिमण्या दिसायच्या, त्यांच्या टोकांवर दिवसासुद्धा जळत असलेल्या ज्वाळा दिसायच्या. समुद्र होता, पण त्याला कोकणातल्या समुद्राचा वास नव्हता. पहिल्या आठवड्यात मी फोन केला की रेवा फोनपाशी यायची आणि ताईला म्हणायची, "तिला सांग, मी बोलत नाही."

तिला बोलतं करायला मी गोष्ट सुरू केली. ठरवून नाही, तोंडाला आली ती सांगितली. एक मुलगी होती. तिला घर नव्हतं, नुसतं एक दार होतं. ते पाठीवर बांधून ती वाळवंटात फिरायची. थकली की दार वाळूत उभं करायची आणि उघडायची. दारामागं दर वेळी घर असायचं, पण दुसऱ्याच कुणाचं. कधी उंटांचं, कधी कासवांचं. एकदा चिमणीच्या टोकावर राहणाऱ्या आगीच्या माणसांचं. सगळे तिला आत बोलवायचे, खायला घालायचे, आणि जेवण झालं की विचारायचे, "मग, कधी निघणार?"

दुपारी माझी ड्यूटी साडेतीनला सुटायची, तेव्हा मिरजेत सहा वाजलेले असत. रेवा शाळेतून येऊन, दूध पिऊन फोनची वाट बघत बसायची. तिला त्या मुलीची फार काळजी. तिला चप्पल आहे का? दार जड असेल ना? आणि दोन-चार दिवसांआड एक प्रश्न हटकून यायचा: "तिची आई कुठंय?"

"येणार आहे पुढं," मी सांगायची.

पुढं म्हणजे कधी, ते मलाच माहीत नव्हतं. चार वर्षं मी ती गोष्ट सांगितली आणि त्यात आई आणली नाही.

दोन वर्षं संपली तेव्हा मी परत जाऊ शकत होते. आता हे लिहायला हरकत नाही. कुणी अडवलं नव्हतं, कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, पासपोर्ट दाबून ठेवला नव्हता. मीच करार वाढवला. रेवाच्या भविष्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पण मिरजेत मी 'बिचारी' होते. हळदी-कुंकवाला बोलावताना शेजारणी अडखळायच्या. इथं मी सिस्टर होते. डॉक्टर माझं ऐकून घ्यायचे, अरबी आज्या माझा हात धरून दुवा द्यायच्या. मला ते आवडलं. ज्या दुःखातून मी पळाले, त्या दुःखातच मुलीला ठेवून आले, हे मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही.

चौथ्या वर्षी एके दिवशी रेवा फोनवर म्हणाली, "आई, आज गोष्ट नको. काकांनी नवीन कॅरम आणलाय." मग उद्याही नको झाली. मग गोष्टच थांबली, आणि फोनवर आम्ही 'जेवलीस का, अभ्यास झाला का' असं बोलू लागलो.

त्यानंतर मला रियाधला नोकरी मिळाली, कुटुंब आणता येईल असा करार मिळाला. रेवाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, झाला त्या दिवशी मी वॉर्डात सगळ्यांना खजूर वाटले. ओलाया भागातले उंच टॉवर दिसतील असा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पिवळे पडदे लावले. दहा वर्षांच्या मुलीला काय आवडतं हे माहीत नव्हतं, म्हणून पाच वर्षांच्या रेवाला जे आवडायचं तेच आणून ठेवलं.

ती आली आणि शहाण्यासारखी राहिली. तेच मला सहन होईना. सकाळी स्वतःची चादर घडी करून उशाशी ठेवायची. ताट धुवायची. फ्रिजसमोर उभी राहून विचारायची, "मी एक बिस्किट घेऊ का?" मी म्हणायची, "अगं, तुझंच घर आहे, विचारतेस काय?" ती "हो" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. शाळेच्या बसचा ड्रायव्हर खालून "यल्ला, यल्ला" ओरडला की ती माझ्याकडे न बघता पळायची. दोन महिन्यांत हिंदी शिकली, इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. मराठी तिने ताईच्या फोनसाठी राखून ठेवली होती. दार लोटून घेऊन ती ताईशी तासभर बोलायची, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज यायचा. मी तो आवाज स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची.

एकदा तिला सडकून ताप आला. मी सुट्टी घेतली, कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, शेजारी बसून राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे ताप उतरवले, म्हटलं, आता तरी माझी पाळी. दुपारी ग्लानीत तिने माझं बोट घट्ट धरलं आणि हाक मारली, "माऊ." मी म्हटलं, "काय गं?" तिने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि बोट सोडून दिलं. वर म्हणाली, "सॉरी."

आठव्या महिन्यात शाळेतून एक वही घरी आली. इंग्रजीच्या तासाला एकट्या मुलाबद्दल काल्पनिक गोष्ट लिहायला सांगितली होती. रेवाने माझीच दारवाली मुलगी घेतली होती, पण गोष्ट माझी नव्हती. तिच्या गोष्टीत त्या मुलीला आधीपासून घर होतं. एक दिवस एक बाई आली. ती फार गोड बोलायची. तिने त्या घराचं दार उखडलं, मुलीच्या पाठीवर बांधलं आणि म्हणाली, चल, आपण तुझं घर शोधू. मुलगी खूप दिवस तिच्याबरोबर चालली, कारण नाही म्हटलं असतं तर बाईला वाईट वाटलं असतं. मग एकदा मुलीच्या मनात आलं, तिकडे घराला दार नाही, थंडी आत शिरत असेल. आणि ती मागं फिरली.

खाली इंग्रजीच्या बाईंनी हिरव्या शाईत शाबासकी दिली होती. कल्पनाशक्तीबद्दल.

मी विचारलं, "ही बाई कोण गं?"

रेवाने वही माझ्या हातातून काढून घेतली. "इट्स जस्ट अ स्टोरी, आई."

मी ताईला फोन लावला. पाच वर्षांचं सगळं तिच्यावर ओतलं. म्हटलं, "तू तिला माझ्यापासून तोडलीस."

ताई म्हणाली, "तोडायला तू इथं होतीस कुठं?" आणि मग, "तिने मला आई म्हणू नये म्हणून मी माझ्या जिभेवर निखारा ठेवलाय. दर वेळी सांगितलं, आई सौदीला आहे, मी माऊ आहे. आणखी काय करायला हवं होतं मी?"

ताईने काहीच चुकीचं केलं नव्हतं. राग धरायलाही जागा नसावी, याचा राग आजही जात नाही.

हल्ली व्हिसाची कामं फोनवरच होतात. रेवाला मिरजेला पाठवायचं तर ती सुट्टीसाठी जाऊन परत येणार, की फायनल एग्झिट, म्हणजे कायमची जाणार, एवढं निवडायचं होतं. रेवा शेजारी बसून पाहत होती. मी तिला विचारलं, "तुला काय हवंय? खरं सांग. मला वाईट वाटलं तरी चालेल."

ती नखं कुरतडत राहिली. मग म्हणाली, "तू पण चल ना."

मला हे लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. त्या क्षणी हो म्हटलं असतं तर कदाचित सगळं सावरलं असतं. माझा करार चारच महिन्यांपूर्वी नव्याने वाढवला होता. नुकतंच मला इन्चार्ज केलं होतं. मी म्हटलं, "मी येईन पुढं."

तिने मान हलवली. हे उत्तर तिला ओळखीचं होतं. मी तिचं फायनल एग्झिट काढलं, माझं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी अजून रियाधलाच आहे. घर कुठं, असं पेशंट विचारतात, तेव्हा मी मिरज सांगते. सवयीने सांगते. जिथं आपल्यावाचून काही अडत नाही, त्या जागेला घर म्हणायचं की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही. जिथं राहते तिथं पिवळे पडदे अजून आहेत, पण त्याला मी फ्लॅटच म्हणते.

मागच्या सुट्टीत मिरजेला गेले होते. रेवा क्लासला गेली होती, ताई बाजारात. मी जिन्यात कुलूप उघडायची वाट बघत उभी होते. समोर नवीन बिऱ्हाड आलं आहे. तिथली बाई बाहेर आली, माझी बॅग पाहिली आणि आपुलकीने विचारलं, "कुणाकडे आलात?"

"बहिणीकडे," मी म्हटलं.

"अच्छा, म्हणजे रेवाच्या आईच्या बहीण का तुम्ही? या ना, त्या येईपर्यंत आत बसा."

मी हो म्हटलं, आणि आत जाऊन बसले.