पट्टी किती एमएमची?

माझ्या वडिलांचा लेथचा कारखाना होता, त्यामुळे मोडलेली कुठलीही वस्तू दुरुस्त होते, यावर त्यांचा ठाम विश्वास. दोन हजार सालानंतर कधीतरी आमची रॉटवायलर कुत्री पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. शाहूपुरीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. मनगटाच्या वर हाडाचा कॅन्सर होता.

"एरवी पाय काढतात, कुत्री तीन पायांवर मजेत पळतात," ते म्हणाले. "पण हिचे मागचे खुबे आधीच निकामी. पाय वाचवायचा तर मुंबईला न्या."

मुंबईच्या सर्जननी कागदावर चित्र काढलं. हाडाचा खराब तुकडा कापायचा, तिथं धातूचा तुकडा बसवायचा आणि वरून स्टीलची पट्टी स्क्रूनं आवळायची. मनगट कायमचं ताठ राहणार. "यानं पाय वाचेल. आजार पुढं फुप्फुसात जाऊ शकतो, म्हणून नंतर इंजेक्शनं," त्यांनी बजावलं.

वडिलांच्या कानात फक्त पट्टी आणि स्क्रू शिरले होते.

"पट्टी किती एमएमची?"

सर्जननी आकडा सांगितला.

"आनि आटे पाडता, का स्क्रू तसाच हानता?"

"आधी भोक, मग आटे."

वडील माझ्याकडं वळले. "मानूस कामाचा हाय. सोड कुत्रीला यांच्याकडं."

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर बघायला सगळी गल्ली लोटली. शेजारच्या काकू बोकडाच्या पायाचं सूप घेऊन आल्या. आमचं घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "व्हरांड्यात ठेवा. आनि मला काय सांगू नका." मग दाराआडून तीच विचारायची, "प्याली का सगळं?"

महिन्यानं तपासणीला गेलो. वडिलांनी नवा एक्सरे खिडकीकडं धरला.

"साहेब, तिसरा स्क्रू जरा तिरका गेलाय."

सर्जननी बराच वेळ बघितलं. "गेलाय खरा."

"चालतंय की. पकड घट्ट हाय."

कुत्री त्या ताठ पायानं ठकठक करत वर्षभर हिंडली, पोस्टमनवर भुंकली, आईच्या तुळशीशेजारी दोनदा खड्डा खणला, तोही त्याच पायानं. मग खोकला सुरू झाला. आजार छातीत पोचला होता. एका सकाळी ती व्हरांड्यातल्या उन्हात झोपली ती उठलीच नाही.

वडिलांनी स्वतः मुंबईला फोन लावला. पलीकडून सर्जन "हॅलो, हॅलो" करत राहिले. शेवटी आईनं रिसीव्हर हातातून काढून घेतला.

"डॉक्टर, आमची पोरगी गेली," ती म्हणाली. "पर पाय शेवटपर्यंत चांगला होता बरं का."