अंजिरातली जास्तीची जनुकं

फौजदारीण हे नाव प्रयोगशाळेनं तिला पाठीमागे दिलं होतं, आणि ते तिला ठाऊकही होतं. ताजं दूध ती हुंगून बघे, औषधाच्या बाटलीवरची तारीख नवऱ्यानं वाचली तरी स्वतः पुन्हा वाचे. "तुझा सावलीवरसुद्धा विश्वास नाही," नवरा म्हणायचा. "सावली कुठे सरळ पडते?" ती म्हणे.

तिचं काम कीटकांच्या नाकाचं. म्हणजे मिशांचं, कारण कीटक वास घेतात तो मिशांनी. मिशांवर वास टिपणारी प्रथिनं असतात, ग्राहक म्हणतात त्यांना; त्यांची जनुकं म्हणजे एक भावकीच. एखाद्या जनुकाची नक्कल होते, ती पिढ्यान्‌पिढ्या बदलत नवा वास ओळखू लागते. जिला काम उरत नाही ती मोडीत निघते. अंजिरात शिरणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीचं बहुतेक आयुष्य फळाच्या पोटातच जातं. हुंगायचं ते फक्त आपलं झाड. तेव्हा तिची भावकी लहानच असायला हवी.

अळ्यांच्या जनुकांच्या तपासणीचा निकाल आला तर भावकीचं हे भलंमोठं खटलं!

तिच्या मनात पाल चुकचुकली. अळ्या गोळा केल्या होत्या नव्या सहकाऱ्यानं. माणूस अबोल, ती दारात दिसली की हातातलं काम झाकणारा. यानंच नळ्यांची सरमिसळ केली आणि आता साळसूदपणे बसलाय! त्याला न विचारता ती तडक विभागप्रमुखांकडे गेली. त्याचं काम थांबलं.

"मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

त्याचा चेहरा उतरला. "झाडापाशी चला. फळं तुमच्याच हातानं तोडा."

तिनं तोडली. पिशवीही येताना स्वतःच्या मांडीवर ठेवली. काही फळं तशीच बरणीत बंद केली. आतल्या माश्या बाहेर पडल्या तेव्हा भिंगाखाली ती बघतच राहिली. माश्या दोन जातींच्या होत्या! दुसरीच्या शेपटाला लांबलचक सुई होती. ही फळात शिरतच नाही. बाहेरूनच सुई खुपसून अंडी घालते. अळ्या मात्र दोघींच्या सारख्याच दिसतात, आणि पहिल्या तपासणीत जनुकं काढायला दोन्ही एकाच नळीत कुटल्या गेल्या होत्या.

दोघींची तपासणी वेगवेगळी केली. आत शिरणारीची भावकी आटोपशीर, उघड्यावर भटकणारीची ऐसपैस.

विभागप्रमुख खूश झाले. ती मात्र सहकाऱ्याच्या टेबलाशी अवघडून उभी राहिली. "चुकलं माझं. शोधनिबंधात तुमचं नाव पहिलं घालू."

"घाला," तो मान वर न करता म्हणाला. "पण यापुढे माझे नमुने मी वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवणार आहे. किल्ली माझ्याकडे राहील."

"माझ्यावर संशय आहे तुमचा?"

तो नळ्यांवर नावं लिहीत राहिला. निबंध छापून आला, त्याचं नाव पहिलं होतं. फ्रिज त्यानं वेगळाच ठेवला.