नाकात झोंबणारं कोकम

आम्ही दोघां नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मागच्या पडवीत बसून कोकमाचं पाणी वाया घालवणं. दुसरं काही नाही. हसून हसून तिचा पदर भिजला आणि माझ्या धोतरावर लाल डाग पडले.

शाळा मी फार बघितली नाही, तेव्हा लिहिणं वाकडंतिकडं होईल. उमेदीत मी रत्नागिरीच्या बंदरात पडावावर होतो. आगबोट लांब नांगर टाकून उभी राही. तिच्यातली माणसं पडावात घालून धक्क्याला आणायची, हे काम. धक्क्यावर गोटीच्या सोड्याचं दुकान होतं. उन्हातून वल्हवून आलो की मी तिथे एक बाटली पिई आणि घरी येऊन सांगे, नाकात असं झोंबतं गो, डोळ्यांत पाणी येतं आणि उगाच हसू फुटतं. हे सांगण्यात माझा जन्म गेला आणि ऐकण्यात तिचा. दुकानदार बाटली बाहेर नेऊ देत नसे, तिथेच पिऊन परत करायची. आणि बाईमाणसाने खलाशांत उभं राहून बाटली तोंडाला लावायची, हे आमच्याकडे कोणाला खपलं नसतं. एकदा तांब्यात ओतून आणला. घरी पोचेतो त्यातला जोर गेला. तिने पिऊन सांगितलं, "बरं आहे. आपल्या विहिरीचंच वाटतं."

तिच्या छातीची धडधड वर्षभर चालली होती. वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार आशा धरू नका. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण कळायचं ते कळलं होतं. म्हणाली, नाकात झोंबल्याशिवाय मी जायची नाही.

त्या दुपारी तिने युक्ती काढली. कोकम दाट भिजवून ठेवलेलं होतं. घरात जे जे पांढरं आहे ते ते त्यात टाकून बघायचं, कुठलं तरी झोंबेल. मी करवंट्या मांडल्या.

आधी मीठ टाकलं. ते विरघळलं आणि गप्प बसलं. रंग तोच, आंबट तेवढंच, वर खारट. ती म्हणाली, हे तुमच्या थोरल्या भावासारखं, येतं आणि कोपऱ्यात बसतं. मग दाढीची तुरटी ठेचून घातली. आंबट होतंच, ते आणखी आंबट झालं, आणि तोंड असं आवळून आलं की आम्हांला बोलताच येईना. नुसत्या पाण्यात टाकून बघितली, तर पाणीही आंबट. तिच्या तोंडाचा चंबू बघून मला हसू आवरेना, माझा बघून तिला.

मग पापडखार. हा मात्र फसफसून उठला. तिने आनंदाने माझ्या मांडीवर चापट मारली. पण बघता बघता लाल पाणी निळंकाळं झालं, आंबटपणा पार मेला आणि चव साबणाची. एवढ्यात शेजारची काकी डोकावली; नात्याने माझी भावजय, पण सगळी आळी तिला काकीच म्हणते. करवंटीकडे बघून म्हणाली, "भावोजी, जाऊबाईंना सरबत पाजताय की शाई?"

"पिऊन बघा, अक्षर सुधारेल," आमची म्हणाली, आणि तिघंही हसत सुटलो.

काकीनेच घरातून खायचा सोडा आणून दिला. मी मूठभर ओतला. फेस करवंटीबाहेर, अंगावर, जमिनीवर. तोंडापर्यंत नेईतो सगळं शांत, आणि आंबटपणा तिथेही मेलेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी तिनेच वर्म शोधलं. आंबट आणि खार यांचं भांडण लागतं आणि आपण बघत बसतो, म्हणाली. भांडण चालू असतानाच प्यायला हवं. सोडा चिमूटभरच, म्हणजे जीत कोकमाची होईल, आणि करवंटी आधीच ओठाला लावून ठेवायची.

पण कोकमाचं पाणी संपलं होतं. तिने नवीन भिजत घातलं.

"उद्या पहिलं मी पिणार," म्हणाली. "तुमचं जन्मभर पिऊन झालंय."

सकाळी ती उठली नाही.

काकीने हंबरडा फोडला, बायका जमल्या. कोणी तुळशीचं पान आणलं, कोणी गंगाजळाची लोटी, आणि मला म्हणाल्या, तोंडात घाला. मी म्हटलं, थांबा. स्वयंपाकघरात जाऊन भिजलेली कोकमं कुस्करली, चांगलं घट्ट पाणी काढलं, सोडा चिमटीत घेतला आणि तिच्या उशाशी येऊन बसलो. करवंटी तिच्या ओठाला लावली आणि मग चिमूट सोडली. फसफसतानाच थोडं आत सोडलं. गुलाबी फेस ओठांवर जरा वेळ राहिला.

"भावोजी, हे काय करताय?" काकीने माझा हात धरला.

"तिने अजून चाखलेलं नाही," मी म्हटलं.

उरलेलं मी प्यायलो. आंबट होतं, आणि ते सरळ नाकात चढलं. मला मोठी शिंक आली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हसू फुटलं. बायका रडायच्या थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. मला थांबताच येईना. मग पदराने तिचे ओठ पुसले आणि तुळशीचं पान ठेवलं.