घसा दुखला तर गोळी बंद

डॉ. सुमतीताईंची आणि माझी पहिली भेट धरमपेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि काम मागायला गेले होते. ताईंनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. समोर बसलेल्या म्हातारीचा हात माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "तपास, आणि तिला समजेल असं सांग." त्या दिवसापासून मी त्यांच्याच हाताखाली आहे. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा माझी संध्याकाळची पाळी ताईंनी महिनोन्‌महिने स्वतः केली, आणि त्याचा उच्चारही कधी केला नाही.

ताईंच्या साठीनिमित्त लिहायचं ठरलं तेव्हा त्यांची परवानगी घ्यायला गेले. त्या म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर विमलबद्दल लिही. नाहीतर राहू दे."

विमलताई ताईंच्या रुग्ण. इंदोऱ्यात राहत, शाळेत शिकवत. नवरा मधुकरराव हिंगण्याच्या कारखान्यात कामाला. विमलताईंचा गळा सुजला होता, छाती धडधडे, हात थरथरत. थायरॉइडचा विकार होता. ताईंनी योग्य तेच औषध दिलं आणि बजावलं, "एकही गोळी चुकवायची नाही." विमलताईंचं वजन वाढू लागलं, हात स्थिर झाले. पण या औषधानं क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, आणि मग साधा जंतूही शरीराला आवरत नाही. त्याची पहिली खूण म्हणजे घसादुखी आणि ताप. तसं झालं तर गोळी तत्काळ थांबवून यायचं, हे सांगायचं असतं. दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. ताईंनी ते सांगितलं नाही.

घसा दुखू लागला तेव्हा विमलताईंनी मिठाच्या गुळण्या केल्या, आणि गोळी मात्र नेमानं घेत राहिल्या. त्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा तोंडभर व्रण होते, पाणी गिळवत नव्हतं. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. मोठ्या रुग्णालयात हलवलं, होते नव्हते ते सगळे उपाय झाले. विमलताई गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर ताई इंदोऱ्याला निघाल्या. मी सोबत होते. भर दुपारी घरात शेजारीपाजारी बसले होते. ताई उभ्याच राहिल्या.

"मधुकरराव, ताप माझ्या गोळीमुळे आला. घसा दुखला तर गोळी बंद करा, एवढं मी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मधुकरराव म्हणाले, "बाई, तुम्ही हे मले काहून सांगून राहिल्या? तापानं नेलं असं समजून बसलो होतो मी. तुमच्याकडे आणाच्या आदल्या दिवशीबी मीच गोळी देल्ली तिले, माह्या हातानं. आता मी काय करू?"

एका म्हातारीनं आम्हाला दाराबाहेर पोचवलं. रिक्षात ताई म्हणाल्या, "खरं सांगितलं, की माझं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून आले गं?" हा प्रश्न त्यांनी मला पुढेही अनेकदा विचारला.

पुढे शहरातल्या डॉक्टरांच्या बैठकीत ताईंनी ही हकिकत स्वतःच्या नावानिशी मांडली. एक ज्येष्ठ डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "या औषधानं होतं असं कधीकधी. नशीब म्हणायचं." ताई म्हणाल्या, "पेशी जाणं नशीब असेल. न सांगणं नशीब नव्हतं." सभेत कुणी वर पाहिलं नाही. आम्ही सगळेच मनातल्या मनात आपापले रुग्ण आठवत होतो.

तेव्हापासून ताई त्या गोळीच्या प्रत्येक रुग्णाकडून वदवून घेतात, "घसा दुखला तर?" रुग्णानं म्हणायचं, "गोळी बंद, आणि तडक तुमच्याकडे." लोक हसतात, "घसावाल्या बाई" म्हणतात. लकडगंजच्या एका लाकूड व्यापाऱ्यांची सून अशीच, घसा धरल्याबरोबर धावत आली. तिच्याही पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या, पण वेळ गेली नव्हती. ती वाचली. सासरे संत्राबर्फी घेऊन आले आणि ताईंच्या पाया पडू लागले. ताई पटकन मागे सरकल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि ते जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मधुकरराव पुन्हा कधी आले नाहीत. ते यावेत अशी अपेक्षाही ताईंनी कधी बोलून दाखवली नाही.

हा लेख त्यांना वाचून दाखवला. 'अनवधानानं राहून गेलं' असं मी एके ठिकाणी लिहिलं होतं. ते त्यांनी खोडायला लावलं.

गौरवाच्या लेखात हे शोभतं का, असं कुणी विचारेल. मला ताईंचा याहून मोठा गौरव ठाऊक नाही. शंभर वर्षं जगा, असं कुणी म्हटलं की ताई मान खाली घालतात; पस्तिशीही न गाठलेली विमल त्यांच्या डोळ्यांसमोर येते. तरी आम्ही म्हणणारच. प्रकृती सांभाळा, ताई. मान खाली घाला हवी तर, पण आमच्यासाठी खूप जगा.